बुदुबुराम ते बायर्न म्युनिक: अल्फॉन्सो डेव्हिसचं प्रकरण

२५ जुलै २०१८ रोजी जर्मनीचा बायर्न म्युनिक आणि कॅनडाचा व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स या दोन फुटबॉल क्लबांनी अल्फॉन्सो डेव्हिस या खेळाडूचा सौदा जाहीर केला. रक्कम सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर. पुढच्या कामगिरीवर मिळणारे पैसे धरले तर आकडा २ कोटी २० लाखांपर्यंत जाणार होता. मेजर लीग सॉकर, म्हणजे अमेरिका-कॅनडाची एमएलएस लीग, तोवर एवढ्या पैशात कुठलाच खेळाडू विकू शकली नव्हती. भाव ठरला, सह्या झाल्या, फोटो झाले, आणि मुलगा व्हँकुव्हरलाच राहिला. ऑक्टोबर संपेपर्यंत तो जुन्याच क्लबकडून खेळत होता. २८ ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यात त्याने पोर्टलंडविरुद्ध दोन गोल मारले आणि २-१ असा विजय मिळवून देऊन निरोप घेतला. एवढं थांबायचं कारण साधं होतं. त्याला १८ पूर्ण व्हायला २ नोव्हेंबर उजाडायचा होता.

डेव्हिसबद्दल बोलताना सगळे त्याच्या वेगावर येतात, आणि त्यात चूक काही नाही. जून २०२० मध्ये बुंडेसलिगा या जर्मन लीगच्या एका सामन्यात त्याचा वेग ताशी ३६.५१ किलोमीटर मोजला गेला होता. पण निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या या मुलाचा व्यावसायिक फुटबॉलपर्यंतचा रस्ता तपासायला बसलं की दिसतं ते वेगळंच. पुढे जायचं की इथेच अडकायचं, हा प्रश्न जेव्हा जेव्हा उभा राहिला, तेव्हा त्याचा निकाल बहुतेक वेळा मैदानाबाहेर लागला. कधी एका अर्जावर, कधी शाळेच्या बसवर, कधी आईच्या होकारावर, तर कधी जन्मतारखेवर. हे प्रकरण मी त्या बाजूने मांडतो आहे.

छावणी आणि अर्ज

डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलरचे बंडखोर आयव्हरी कोस्टमधून लायबेरियात घुसले आणि यादवी पेटली. मध्ये थोडी उसंत मिळाली, १९९७ च्या निवडणुकीत टेलर स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाला, १९९९ मध्ये दुसरी यादवी सुरू झाली आणि ती २००३ मध्ये थांबली. दोन्ही मिळून सुमारे अडीच लाख माणसं मेली असं मानलं जातं. मुलांच्या हातात बंदुका देणारं युद्ध म्हणून ते जगाला माहीत झालं. डेबिया आणि व्हिक्टोरिया डेव्हिस हे मन्रोव्हियाचं जोडपं. तिथे जगायचं तर हत्यार उचलावं लागेल अशी वेळ आली, आणि या दोघांना ते करायचं नव्हतं. त्यांनी देश सोडून घाना गाठलं.

घानाची राजधानी आक्राच्या पश्चिमेला बुदुबुराम नावाची छावणी होती. लायबेरियातून येणाऱ्या लोकांसाठी ती १९९० मध्ये उघडली. तात्पुरती म्हणून उघडलेली ही छावणी पुढे एका गावाएवढी झाली. पिण्याचं पाणी विकत, काम मिळेल तसं, आणि परतायचं कुठे हे कुणालाच माहीत नाही. २ नोव्हेंबर २००० रोजी अल्फॉन्सो तिथे जन्मला.

या टप्प्यावर फुटबॉलचा काहीच संबंध नाही, आणि तरीही सगळ्यात मोठी चाळणी इथेच लागली. युद्ध संपेल आणि लोक परततील, किंवा आश्रय देणाऱ्या देशातच मुरतील, हे छावणीतल्या माणसापुढचे नेहमीचे दोन रस्ते. तिसरा रस्ता म्हणजे एखाद्या तिसऱ्या देशाने त्यांना कायमचं वसवून घेणं. त्यासाठी अर्ज, मुलाखती, वैद्यकीय तपासणी, सुरक्षा तपासणी, आणि मग वाट पाहणं. जगातल्या निर्वासितांपैकी १ टक्क्यालासुद्धा एखाद्या वर्षी हा रस्ता मिळत नाही. डेव्हिस कुटुंबाचा अर्ज कॅनडाने स्वीकारला. अल्फॉन्सो तेव्हा ५ वर्षांचा होता.

कॅनडाच्या पद्धतीतली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. परदेशातून निवडून आणलेल्या निर्वासिताला तिथे उतरताच कायमच्या रहिवाशाचा दर्जा मिळतो. मुलं थेट सरकारी खर्चाच्या शाळेत जातात. आश्रयाचा दावा मंजूर होईपर्यंत वर्षानुवर्षं टांगणीला लागलेली मुलं जगात कमी नाहीत. हा मुलगा त्यांच्यात नव्हता. भारतात आलेल्या निर्वासितांशी तुलना करायला गेलं तर अवघडच होतं, कारण १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सहीच नाही आणि त्यासाठी वेगळा कायदाही नाही.

एडमंटन: बूट, फी आणि बस

कुटुंब आधी ऑन्टारिओतल्या विंडसरला उतरलं आणि मग अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला गेलं. एडमंटन हे आइस हॉकीचं गाव. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर जाणं तिथे नेहमीचं, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने फुटबॉल छपराखाली खेळावा लागतो. आई-वडील दोघंही कामावर, पाळ्या रात्रीबेरात्रीच्या. धाकट्या दोन भावंडांना सांभाळायचं काम अल्फॉन्सोकडे. त्यांचे लंगोट बदलणं, त्यांना खाऊ घालणं हे त्याने शाळकरी वयातच केलं. आपल्याकडच्या कुठल्याही कष्टकरी घरातल्या थोरल्या पोराला यात नवल वाटणार नाही.

आता हे घर डोळ्यांसमोर ठेवा आणि कॅनडातला लहान मुलांचा फुटबॉल पाहा. तिथे क्लबात नाव घालायचं तर दर हंगामाला फी भरावी लागते. बूट, नडगीचे पॅड, गणवेश घरच्यांनी घ्यायचे. सराव आणि सामने शहराच्या चारी कोपऱ्यांत, म्हणजे घरात गाडी हवी आणि संध्याकाळी ती चालवायला मोकळा माणूस हवा. यातलं एक जरी नसेल तर मूल बाहेर राहतं, मग ते कितीही चपळ असो. खेळाडू शोधणारे मैदानावर येतात, आणि हे मूल मैदानावर नसतंच.

एडमंटनमध्ये टिम अॅडम्स यांनी याच अडचणीवर एक उपक्रम काढला होता, फ्री फुटी. रचना अगदी साधी. शहराच्या मधल्या, गरीब वस्तीतल्या शाळा निवडायच्या. शाळा सुटल्यावर तिथेच मुलांचे संघ करायचे. फी नाही, बूट-कपडे उपक्रमाचे, आणि सामन्याला न्यायला-आणायला बस. निवड चाचणी नाही, कारण खेळाडू घडवणं हा हेतूच नव्हता. शाळेनंतर मुलांना कुठेतरी सुरक्षित धावता यावं, इतकंच. अल्फॉन्सोच्या शाळेचा संघ त्यात होता आणि शिक्षकांनी त्याला त्यात घातलं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती ही बस. प्रशिक्षण चांगलं असण्या-नसण्याच्या कितीतरी आधीचा प्रश्न ती सोडवते. रात्रपाळीला निघालेल्या बापाला मुलाला सामन्याला सोडायचं म्हणून सुट्टी काढावी लागत नाही, आणि म्हणून मुलाला नाहीही म्हणावं लागत नाही. आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण शोधायचं तर नागपूरचं. विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्लम सॉकर सुरू केलं, तेव्हा त्यांचाही भर गुणी खेळाडू हेरण्यावर नव्हता, मुलं मैदानात येण्यावर होता.

शाळेच्या मैदानावर हा मुलगा इतरांपेक्षा वेगळा आहे हे कळायला वेळ लागला नाही. तिथून तो क्लबात गेला, आणि मग एडमंटन स्ट्रायकर्समध्ये, निक हुसेह यांच्या हाताखाली. पुढच्या वर्गांसाठी सेंट निकोलस शाळा, जिथे अभ्यासाबरोबर फुटबॉलचे तास असत. हुसेह पुढे त्याचे एजंटही झाले. प्रशिक्षकानेच एजंट व्हावं का, हा प्रश्न एरवी मी नक्की विचारला असता, कारण परक्या देशात नुकतं रुजलेलं कुटुंब अशा माणसावर डोळे झाकून विश्वास टाकतं आणि तिथेच पुष्कळ मुलं फसतात. आफ्रिकेतल्या पोरांना चाचणीच्या नावाखाली युरोपात नेऊन वाऱ्यावर सोडणारे दलाल हा काही जुना इतिहास नाही. या घराला मात्र त्या विश्वासाने तारलं. करारातल्या बारीक अक्षरांचं वाचन करणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

चौदाव्या वर्षी घराबाहेर

२०१५ मध्ये व्हाइटकॅप्सच्या अकादमीने त्याला बोलावलं. एडमंटन ते व्हँकुव्हर हे अंतर रॉकी पर्वत ओलांडून हजार किलोमीटरच्या वर. मुलगा १४ वर्षांचा. आई तयार नव्हती, आणि तिचं म्हणणं कुठल्याही आईला पटेल असं होतं. युद्धातून, छावणीतून हे मूल हाताशी धरून आणलं, ते आता या वयात दूर पाठवायचं? वाईट संगतीला लागला तर? शेवटी होकार मिळाला, पण मुलगा बदलणार नाही, घरचे संस्कार विसरणार नाही या बोलीवर.

पुढची दीड-दोन वर्षं भराभर गेली, म्हणून मीही भराभर सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्लबच्या दुसऱ्या संघाशी करार, वय १५. त्याच वर्षी १६ जुलैला एमएलएसमध्ये पदार्पण. लीगच्या इतिहासात त्याच्याहून लहान वयात फक्त फ्रेडी अडू खेळला होता. अडूचं नाव इथे मुद्दाम घेतलं. चौदाव्या वर्षी तो 'नवा पेले' ठरला होता आणि नंतर क्लबामागून क्लब बदलत राहिला. व्हाइटकॅप्सने डेव्हिसला थोडं थोडं खेळवलं, हळूहळू मिनिटं वाढवली. २०१८ चा हंगाम येईपर्यंत तो संघाचा मुख्य खेळाडू होता.

पासपोर्ट

क्लबकडून खेळायला रहिवासी असणं पुरतं. देशाकडून खेळायला नागरिकत्व लागतं. ६ जून २०१७ रोजी डेव्हिस कॅनडाचा नागरिक झाला आणि त्याच दिवशी राष्ट्रीय संघात त्याची निवड जाहीर झाली. आठवड्याभरात, १३ जूनला, मॉन्ट्रियलमध्ये कुरासावविरुद्ध तो मैदानात उतरला. कॅनडाच्या पुरुष संघाकडून खेळलेला तो तोवरचा सगळ्यात लहान खेळाडू. जुलैमध्ये गोल्ड कप या उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात फ्रेंच गयानाला दोन गोल, स्पर्धेत एकूण तीन, आणि सर्वाधिक गोलांचा पुरस्कार.

तारखा पाहिल्या तर निवड समितीला कसलीच शंका नव्हती हे कळतं. ते फक्त कागदाची वाट पाहत होते. कागदाने अडवलं असतं तर काय होतं, त्यासाठी डेन्मार्ककडून खेळलेल्या नादिया नदीमचं उदाहरण पुरेसं आहे. तिच्या वडिलांना, अफगाण लष्करातल्या अधिकाऱ्याला, तालिबानने मारलं. आई मुलींना घेऊन निघाली, लंडनला पोचायचं होतं, पोचली डेन्मार्कला. तिथल्या निर्वासित केंद्राशेजारच्या मैदानावर नादिया फुटबॉल शिकली. १८ व्या वर्षी तिला डॅनिश नागरिकत्व मिळालं, आणि तरी फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम आडवा आला. देश बदलणाऱ्याने अठराव्या वर्षानंतर पाच वर्षं त्या देशात राहिलेलं असावं, असा तो नियम होता. श्रीमंत संघटनांनी परक्या खेळाडूंना पासपोर्ट वाटून संघ उभारू नयेत म्हणून केलेला, सापडली त्यात एक निर्वासित मुलगी. डॅनिश संघटनेने दाद मागितली, तेव्हा २००९ मध्ये तिला खेळता आलं. मागे उभी राहणारी संघटना नसती तर तिची ऐन उमेदीची वर्षं बाकावर गेली असती.

अठरा वर्षांची अट

फिफाच्या बदली नियमावलीतलं १९ वं कलम सांगतं की १८ पूर्ण नसलेल्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होणार नाही. अपवाद मोजके. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने दुसऱ्या देशात राहायला गेले असतील तर चालतं. युरोपीय संघाच्या आत १६ ते १८ वयातल्यांना वेगळ्या अटींवर मुभा आहे. सीमेच्या ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना शेजारच्या देशातल्या क्लबात जाता येतं. जीव वाचवण्यासाठी आई-वडिलांशिवाय पळून आलेल्या अल्पवयीनांचा अपवाद नियमावलीत अलीकडे आला.

नियम मागच्या दाराने मुलांचा बाजार भरू नये म्हणून आहे, आणि तो कागदावरच राहिलेला नाही. २०१४ मध्ये याच कलमाच्या भंगासाठी बार्सिलोनाला खेळाडू घेण्यावर बंदीची शिक्षा झाली होती. त्यामुळे बायर्नने घाई केली नाही. नोव्हेंबरमध्ये मुलगा म्युनिकला सरावाला गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली.

ही अट त्याच्या आड आली असं म्हणायचा मोह होतो. मला उलट वाटतं. त्या तीन महिन्यांत तो ओळखीच्या मैदानावर, आपल्या भाषेच्या माणसांत रोज खेळत राहिला. युरोपात सोळाव्या वर्षी गेला असता तर कुठल्याशा युवा संघाच्या बाकावर बसला असता.

दुखापती दुसऱ्यांच्या, जागा त्याची

म्युनिकमधले पहिले महिने साधारणच. चौथ्या पातळीवर खेळणाऱ्या दुसऱ्या संघातही त्याला पाठवलं जाई. तो डावा विंगर, म्हणजे हल्ल्यातला गडी, आणि बायर्नकडे त्या जागेसाठी कोमान, ग्नाब्री, पेरिशिच अशी रांग. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये एकाच आठवड्यात निकलस झ्यूले आणि लुकास हर्नांडेझ हे दोन बचावपटू जायबंदी झाले. डावीकडचा डेव्हिड अलाबा मधल्या बचावात सरकला आणि मोकळ्या पडलेल्या डाव्या बगलेत डेव्हिसला उभं केलं गेलं. तात्पुरती सोय होती. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलले, हान्सी फ्लिक आले, आणि त्यांनी ती सोय कायम केली. फ्लिकचा संघ बचावाची फळी फार वर ठेवून खेळायचा. मागे मोकळं रान सोडायचं तर चेंडू मागे गेल्यावर धावून गाठणारा कुणीतरी हवा, आणि हा कुणालाही गाठत होता.

१४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व सामन्यात बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असं धुतलं. बायर्नचा पाचवा गोल पुन्हा काढून बघा. डेव्हिस डाव्या कडेला चेंडू घेतो. समोरून आलेल्यांना चकवून नेल्सन सेमेडोपाशी येतो. सेमेडो मागे सरकत राहतो, पाय घालायला धजत नाही. डेव्हिस थबकल्यासारखं करतो, बाहेरून निसटतो, गोलरेषेला चिकटून आत शिरतो आणि योझुआ किमिखच्या पायात आयता चेंडू देतो. गोल किमिखच्या नावावर लागला, पण नंतर किमिखला स्वतःच आपला आनंद साजरा करायची लाज वाटली असणार, इतका तो दुसऱ्याचा होता. नऊ दिवसांनी अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेन १-० ने हरलं. चॅम्पियन्स लीग जिंकणारा, कॅनडाच्या पुरुष संघाकडून खेळलेला तो पहिला.

राष्ट्रीय संघाचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२१ मध्ये विश्वचषक पात्रतेचे दोन सामने कॅनडाने मुद्दाम एडमंटनच्या गोठवणाऱ्या थंडीत ठेवले. मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग होते आणि मेक्सिको २-१ ने हरला. १९८६ नंतर प्रथमच कॅनडा विश्वचषकाला गेला, २०२२ मध्ये कतारला. त्याआधी २०२२ च्या जानेवारीत कोविडनंतर डेव्हिसच्या हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं निदान झालं आणि एप्रिलपर्यंत तो बाहेर होता. कतारमध्ये बेल्जियमविरुद्ध त्याची पेनल्टी गोलरक्षक कोर्टुआने अडवली. चार दिवसांनी क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने डोक्याने चेंडू जाळीत घातला, कॅनडाच्या पुरुषांचा विश्वचषकातला पहिला गोल. सामना ते ४-१ ने हरले. मार्च २०२१ पासून तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा सदिच्छादूत आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने बायर्नशी २०३० पर्यंतचा करार केला. पुढच्याच महिन्यात, देशाकडून खेळताना, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला.

हे प्रकरण काय सांगत नाही

छावणीने त्याला कणखर केलं म्हणून तो इथवर आला, असं लिहिणारे आहेत. ५ व्या वर्षी छावणी सोडलेल्या मुलाबद्दल हे म्हणणं मला पटत नाही. कणखरपणा दाखवला तो आई-वडिलांनी. बुदुबुरामला त्याच्याच वयाची हजारो मुलं होती आणि त्यांच्यात वेगवान पाय एकाचेच असतील हे शक्य नाही. २०१२ मध्ये लायबेरियाच्या लोकांचा निर्वासित दर्जाच संपवण्यात आला. तोवर तिथेच राहिलेल्यांना स्थानिक होऊन राहा किंवा परत जा, एवढंच उरलं.

आपल्याकडे २०२३ मध्ये राज्य सरकारने बायर्नबरोबर १४ वर्षांखालील मुलांची महाराष्ट्र कप स्पर्धा घेतली. निवडलेल्या मुलांना म्युनिकला प्रशिक्षणाची संधी, अशी योजना. चांगली आहे. पण डेव्हिसच्या बाबतीत बायर्न सगळ्यात शेवटी आलं, हे त्या योजनेकडे पाहताना लक्षात ठेवावं. त्याच्या आधीची दहा-बारा वर्षं ज्यांनी उचलली त्यांच्यापैकी कुणालाही म्युनिक माहीत असायची गरज पडली नव्हती.

पैशाचा हिशेबही तेच दाखवतो. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले ५ टक्के खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांत वाटावेत, असा फिफाचा नियम आहे. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येकाला अर्धा टक्का. मोजणी बाराव्या वर्षापासून सुरू होते आणि पैसे फक्त क्लबांना मिळतात. फ्री फुटी क्लब नव्हता, आणि शाळेतून बसमध्ये चढणारी त्यातली मुलं बाराच्या आतलीच होती.